रविवारचे दार

कोणत्याही कलासंग्रहालयाच्या दारावर एक पाटी असते. अमुक वाजता उघडते, अमुक वाजता बंद होते, प्रवेशमूल्य इतके, साप्ताहिक सुट्टी अमुक वारी. आत जाणारा ती घाईघाईने वाचतो आणि बाहेर येईपर्यंत विसरतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती सावकाश वाचावी. आतल्या चित्रांवरून चित्रकार कळतो. संग्रहालय कोणासाठी चालले आहे, ते पाटीवरून कळते. अशाच एका पाटीची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे. शहर न्यूयॉर्क, आणि प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक : संग्रहालय रविवारी उघडे ठेवावे की नाही?

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय १८७० साली सनद मिळून स्थापन झाले. त्या दिवशी त्याच्यापाशी ना इमारत होती, ना एकही चित्र. होती ती काही व्यापारी, पेढीवाले, वकील व कलावंत यांची मंडळी, आणि युरोपातल्या राजधान्यांपाशी जे आहे ते आपल्या शहरातही असले पाहिजे ही ईर्षा. फ्रान्समध्ये राजाचे चित्रभांडार क्रांतीनंतर लोकांच्या हाती आले. येथे मुळात राजाच नव्हता. तेव्हा एक तोड निघाली. जागा आणि इमारत शहराची, आतल्या वस्तू विश्वस्तांच्या. शहराच्या पैशातून सेंट्रल पार्क या मोठ्या बागेत लाल विटांची इमारत उभी राहिली आणि ३० मार्च १८८० रोजी अध्यक्ष हेज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी जोसेफ चोट या नामांकित वकिलाने भाषण केले. कलेतील सौंदर्याच्या ज्ञानाने कष्टकरी, व्यवहारी जनतेचे मन सुसंस्कृत होईल अशी संस्थापकांची श्रद्धा आहे, असे त्याने सांगितले. आणि समोर बसलेल्या लक्षाधीशांना विनोदाने सुचवले की, डुकराच्या मांसावर मिळवलेला पैसा आता चिनी मातीच्या सुंदर पात्रांत रूपांतरित करा! लक्षाधीशांनी ती सूचना पुढे मनावर घेतली हे मान्य केले पाहिजे.

पण ती कष्टकरी जनता यायची केव्हा? शहराशी झालेल्या करारात आठवड्यातून चार दिवस विनामूल्य प्रवेश होता. उरलेल्या दोन दिवशी पंचवीस सेंट द्यावे लागत. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास दरवाजे बंद होत. आणि रविवारी संग्रहालय उघडतच नसे. त्या काळी न्यूयॉर्कचा मजूर आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे दहा-दहा तास राबत होता. म्हणजे ज्या दिवशी दार उघडे त्या दिवशी तो कारखान्यात, आणि ज्या दिवशी तो मोकळा त्या दिवशी दाराला कुलूप! विनामूल्य प्रवेशाचे औदार्य त्याच्यापुरते कागदावरच राहिले.

रविवारला विरोध करणारे विश्वस्त दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी अनेकजण कडव्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. रविवार हा प्रभूचा वार, त्या दिवशी प्रार्थनेखेरीज दुसरे काही करणे म्हणजे पाप, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण या श्रद्धेच्या शेजारी आणखी एक भीती बसली होती, आणि ती फारशी उदात्त नव्हती : मळकट कपड्यांची गर्दी आत शिरेल, वस्तूंना हात लावील, काचा फोडील. शिवाय देणगीदार नाराज होतील तो तोटा वेगळाच.

इमारत ज्यांच्या करातून झाली ते लोक मात्र गप्प बसायला तयार नव्हते. वर्तमानपत्रांनी प्रश्न उचलून धरला. देखभालीचा पैसा शहराच्या तिजोरीतून येई, त्यामुळे शहराच्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यालाही वजन होते. शेवटी सुमारे ८० हजार सह्यांचा अर्ज विश्वस्तांपुढे आला. (याच सुमारास आपल्याकडे मुंबईचे गिरणी कामगार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली रविवारच्या सुट्टीसाठी झगडत होते. १८८४ मध्ये त्यांनी मागणी केली, आणि गिरणीमालकांनी ती १० जून १८९० रोजी मान्य केली. मुंबईच्या कामगाराला रविवार मिळवायचा होता. न्यूयॉर्कच्या कामगाराला मिळालेला रविवार घालवायला एक चांगली जागा हवी होती.)

विश्वस्तांनी बहुमताने मान तुकवली आणि ३१ मे १८९१ रोजी, रविवारी, दार प्रथम उघडले. पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास माणसे आली. पन्नास हजार डॉलरच्या एका मृत्युपत्री देणगीला संग्रहालय मुकले. भीती अगदीच निराधार नव्हती. संचालक लुइजी पाल्मा दि चेस्नोला हा इटलीत जन्मलेला, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला, सायप्रसमधून प्राचीन वस्तूंचे ढीग खणून आणणारा करारी गृहस्थ. सुरुवातीच्या रविवारची गर्दी त्याला मुळीच रुचली नाही. लोक वस्तू हाताळतात, दंगा करतात, अशी त्याची तक्रार होती. परंतु पुढे त्याच चेस्नोलाला कबूल करावे लागले की, रविवारी येणारे लोक शांत, सभ्य आणि समजदार असतात. अवघ्या काही महिन्यांत न्यूयॉर्कचे मजूर बदलले असतील असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे पाहण्याची सवय बदलली.

ती पुरती बदलली नव्हती, हे १८९७ साली दिसले. एक नळदुरुस्ती करणारा कारागीर कामाच्या कपड्यांनिशी आत आला, तेव्हा रखवालदारांनी त्याला बाहेर काढले आणि चेस्नोलाने रखवालदारांची बाजू घेतली. वर्तमानपत्रांतून त्यावर भलताच गदारोळ उठला. ज्याच्या हातांनी शहरातले पाणी वाहते त्याला चित्रे पाहायला धुतलेला कोट लागावा, हे १८७० च्या सनदेत तर कोठे लिहिलेले नव्हते.

दार उघडल्यावर पुढचा प्रश्न येतो : आत आलेल्याने पाहायचे काय? याचे उत्तर प्रथम बोस्टनच्या कलासंग्रहालयाने शोधले. तेथील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन याने १९०७ च्या सुमारास प्रेक्षकांबरोबर हिंडून समजावून सांगणारे विवरणकार नेमले. १९१६ मध्ये त्याने याहून गमतीचा उद्योग केला. काचकपाटातल्या वस्तू आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाचताना माणसाला किती वाकावे, बसावे, मान मुरडावी लागते, याची छायाचित्रे काढून त्याने छापली आणि संग्रहालयातला थकवा हा प्रेक्षकाचा आळस नसून मांडणीचा दोष आहे हे दाखवून दिले. आपल्याकडच्या कित्येक संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या वाचताना मला गिलमनची फार आठवण होते.

न्यूयॉर्कनेही मग कार्यक्रमांची कास धरली. १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, डेव्हिड मॅनेस या वादकाने सैनिक व खलाशी यांच्यासाठी संग्रहालयाच्या भव्य दालनात वाद्यवृंदाच्या विनामूल्य बैठकी सुरू केल्या. युद्ध संपले, पण त्या संपल्या नाहीत. हजारो लोक जिन्यांवर, जमिनीवर, पुतळ्यांच्या पायथ्याशी बसून ऐकत.

पाटीवरचा वाद मात्र मिटलेला नाही. तो आता वाराऐवजी पैशाचा झाला आहे. १९७० पासून तेथे प्रवेशमूल्य सुचवलेले असे, देणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. १ मार्च २०१८ पासून बाहेरगावच्या प्रौढांना पंचवीस डॉलर सक्तीचे झाले, आणि २०२२ मध्ये त्याचे तीस झाले. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशाला मात्र राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवून आजही मनास येईल ते देता येते, रविवारीसुद्धा.