प्रत्यार्पण आणि शिक्षेची मर्यादा

परदेशात पळालेल्या आरोपीला खटल्यासाठी मायदेशाच्या ताब्यात देणे म्हणजे प्रत्यार्पण. मात्र आरोपी सोपविणारा देश आपल्या न्यायकल्पनेनुसार अटीही घालू शकतो. अबू सालेमचे प्रकरण हे याचे ठळक उदाहरण होय.

मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. या खटल्यातील फरारी आरोपी सालेम सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालमध्ये पकडला गेला. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये, तर जन्मठेप १८८४ मध्ये रद्द केली होती. तेथे कमाल कारावास २५ वर्षांचा. भारतात मात्र 'दुर्मिळातील दुर्मिळ' गुन्ह्यासाठी फाशी कायम आहे.

सालेमला फाशी किंवा २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये दिली. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला भारतात आणण्यात आले. सप्टेंबर २०१७ मध्ये विशेष टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. त्याच निकालात दोन सहआरोपींना फाशी सुनावण्यात आली. ही हमी न्यायालयांवर बंधनकारक नसली, तरी सरकारला ती पाळावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले.

एकाच कटातील आरोपींना वेगवेगळा न्याय का, हा बळींच्या आप्तांचा प्रश्न रास्तच आहे. परंतु दिलेला शब्द मोडल्यास पुढचा फरारी आरोपी कोणता देश भारताच्या हवाली करील, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे.