रुमालातून चावडीवर

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे-नगरच्या अनेक गावांत पोहोचले. त्या उठावात एक गोष्ट वारंवार दिसते. जमावाचा डोळा तिजोरीपेक्षा कागदावर होता. खते, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे मागितले जात, हाती आले की जाळले जात, आणि मारहाणीचा प्रसंग मुख्यतः सावकाराने कागद द्यायला नकार दिला तिथे येई. याला आपण कर्जाविरुद्धचे बंड म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण आपल्याविषयी लिहिलेले, आपल्याला वाचता न येणारे आणि दुसऱ्याच्या पेटीत बंद असलेले जे काही होते, त्याविरुद्धचाही तो राग होता. रोख्याखाली नांगराची निशाणी करणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते ठाऊक नसे. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर जो इलाज केला, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास हिशेब दाखवावा, असे त्या कायद्याने ठरवले. कागद उघडा झाला, पण गावभर नव्हे. ज्याच्या मानगुटीवर तो बसला होता त्याच्यापुरता.

गावचे दप्तर ही याच गोष्टीची दुसरी बाजू. कुळकर्ण वतन होते, तोवर जमिनीची आणि वसुलीची टिपणे मोडीत लिहून रुमालात बांधलेली, बहुधा कुळकर्ण्याच्या घरीच असत. नोंद सरकारची, पण किल्ली एका घराण्याची. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्ण्यावर जे आसूड ओढले, त्यामागे जातीइतकीच ही लेखणीची मक्तेदारी होती. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात कुळकर्ण वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले; मुंबई राज्यात ते व्हायला 1950 चा कायदा यावा लागला. दरम्यान इंग्रजी मोजणीनेही गुप्तता पुरती मोडली नव्हती. तिला सारा भरणारा खातेदार कोण एवढेच हवे होते; त्याच्या मागे गहाणदार किती, कूळ कोण, भाऊबंद कोण, हे कागदावर येत नव्हते. ती उणीव भरायला 1903 मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला. आजचा सातबारा त्याच वंशातला.

त्या व्यवस्थेचा गाभा मला उताऱ्यापेक्षा फेरफारात दिसतो. तलाठी बदलाची नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत चढवतो आणि मगच नोंद मंजूर होते. 1966 च्या जमीन महसूल संहितेतही हाच क्रम आहे. चावडीवर नोंद लावायची ती कुणाच्या कुतूहलासाठी नव्हे. ज्याचा हक्क बुडतो आहे त्याला ओरडता यावे म्हणून. शिवाय चावडीवर वाचणाराही गावाला दिसत असे. अमक्याच्या जमिनीची चौकशी कोण करते आहे, हे संध्याकाळपर्यंत अमक्याच्या कानावर जाई. वाचणारा आणि वाचला जाणारा, दोघेही एकाच उजेडात होते.

सातबारा संगणकावर आला तेव्हा यातला निम्माच भाग बरोबर आला. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे वाचले, हा मोठाच लाभ. तो कुणी हलका लेखू नये. पण आता गट नंबर ठाऊक नसला तरी नुसत्या नावावरून खाते शोधता येते, ‘इतर हक्क’ या रकान्यातला सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो, आणि अडचणीतला शेतकरी कोण हे जमिनीच्या दलालाला शहरात बसून कळते. शेतकऱ्याला मात्र आपला उतारा कुणी पाहिला याचा पत्ता लागत नाही. सुप्यात जाळल्या गेलेल्या कागदांतली माहिती सावकाराच्या पेटीत होती. आज तिचा काही अंश कुणालाही मिळतो, आणि कर्जदाराची बाजू तरीही लंगडीच राहते.

यावर रास्त आक्षेप असा, की खासगीपणाच्या नावाखाली पुन्हा रुमाल बांधला जाईल. ही भीती पोकळ नाही. राजस्थानात कोट किराणा येथे डिसेंबर 1994 च्या जनसुनावणीत हजेरीपट मोठ्याने वाचले गेले, तेव्हा कामावर न गेलेल्यांच्या नावे उचललेली मजुरी उघड झाली. हजेरीपटावरची नावे ही व्यक्तिगत माहितीच. ती झाकली असती तर चोरी सापडली नसती. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा होती, पण सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित यांची अट त्याच कलमात घातलेली होती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम ‘व्यक्तिगत माहिती’ एवढ्यावर आणून ठेवले. जनहिताची सर्वसाधारण तरतूद दुसरीकडे शिल्लक आहे खरी, पण आधी नाही म्हणायचे आणि मग अर्जदाराने भांडायचे, हा क्रम कुळकर्ण्याला ओळखीचा वाटला असता.

म्हणून झाकायचे किती आणि उघडायचे किती या मापाने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. जमिनीची मालकी आणि सरकारी पैशाची वाट उघडीच राहावी, त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. कर्जाचा रकाना खरेदीदाराला, वारसाला, बँकेला लागतो. त्यांनी आपले नाव सांगून तो पाहावा आणि पाहिल्याची खबर खातेदाराला जावी. यात अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा नाही, फक्त पाहणाऱ्यालाही चावडीवर यावे लागते. हे अवघड आहे असे म्हणणाऱ्यांनी महसूल खात्याची वहीची हौस आठवावी. गावपातळीवर 21 नमुने आहेत. आवक पत्रांसाठी आहे, पिकांसाठी आहे, हरकतींसाठीही आहे. उतारा कोणी पाहिला, याचा नमुना मात्र त्यांत नाही.