फ्रिज दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? प्रश्न जुना, उत्तर दर पिढीचं वेगळं



उन्हाळा लागला की आमच्या नवी मुंबईतल्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाची एक मागणी हमखास येते : फ्रिज बंद पडलाय. कुणी दुरुस्तीसाठी दोन-तीन हजार मागते, कुणी नव्यासाठी पंधरा हजार. पैसा गटाचा, म्हणजे सगळ्यांच्या बचतीचा. मग चर्चा रंगते. वयाने मोठी असलेली ताई म्हणते, "आमचा फ्रिज पंचवीस वर्षं चालला. बिघडला की दुरुस्त केला. तुम्हाला सगळं नवंच लागतं." तिच्या सुनेच्या वयाची म्हणते, "जुन्यात पैसे घालत बसण्यापेक्षा नवाच बरा."

खरं म्हणजे दोघीही बरोबर बोलतात. फक्त एक बोलते तिच्या काळातल्या फ्रिजबद्दल आणि दुसरी तिच्या काळातल्या. म्हणून आज फ्रिजचा इतिहास थोडक्यात पाहू. आपल्या घरातला फ्रिज कुठल्या काळातला आहे हे कळलं, की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

फ्रिज नव्हता तेव्हा आपल्या आज्या काय करत होत्या? दूध तीनदा तापवायचं, उरलं तर विरजण लावायचं. शिंक्यात भांडी टांगायची. माठाला ओलं फडकं गुंडाळायचं. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत मासळी सुकवायची, खारवायची. बर्फ ही साहेबांची चीज होती. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी सुमारे १०० टन पोचला! त्यानंतर लवकरच मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फगृह बांधलं गेलं. पुढे इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि परदेशी बर्फ थांबला. आमच्याकडच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या आजही खोक्यात बर्फ घालूनच मासळी टिकवतात. फ्रिज आला म्हणून जुनी सगळी साधनं संपली असं नाही.

भारतात बनलेला पहिला फ्रिज १९५८ साली गोदरेज कंपनीने आणला. कंपनीचा कारखाना विक्रोळीला, म्हणजे आमच्या घणसोली-कोपरखैरणेच्या समोर, ठाणे खाडीच्या पलीकडच्या काठावर. पण खाडीच्या अलीकडे तो फ्रिज यायला फार वर्षं लागली. इथे तेव्हा भातशेती, मिठागरं आणि मासेमारी होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, मग वाशीचा पूल झाला, तुर्भ्याला घाऊक बाजार आला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली. गावांच्या भोवती शहर उभं राहिलं आणि हळूहळू घरोघरी फ्रिज आला.

त्या काळात सरकारच्या लेखी फ्रिज म्हणजे चैन. कर जबर, कंपन्या मोजक्याच : गोदरेज, केल्व्हिनेटर, ऑल्विन, व्होल्टास. एक फ्रिज घ्यायचा तर कित्येक महिन्यांचा पगार लागायचा. असा फ्रिज बंद पडला तर "नवा घेऊ का?" हा प्रश्नच नव्हता. दुरुस्ती हेच उत्तर. मिस्त्री घरी यायचा, कंप्रेसर काढून न्यायचा, आतली वायंडिंग नव्याने भरून आणून बसवायचा. यंत्र साधं, पत्रा जाड आणि मिस्त्रीची मजुरी नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ. आपल्या मोठ्या ताईचं म्हणणं या काळातून आलंय.

१९९१ नंतर चित्र बदललं. परदेशी कंपन्या आल्या, त्यांतल्या एलजी आणि व्हर्लपूलचे कारखाने आपल्याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला निघाले. हप्त्यावर वस्तू मिळू लागल्या. पगाराच्या मानाने फ्रिज स्वस्त होत गेला, मिस्त्रीची मजुरी आणि सुटे भाग मात्र महाग होत गेले. करही बदलला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा फ्रिजवर २८ टक्के कर होता. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. सरकारदरबारीही फ्रिज चैनीकडून गरजेकडे सरकला. सुनेचं म्हणणं या काळातलं आहे.

पण फ्रिजच्या पोटात आणखी एक बदल झाला, तो बाहेरून दिसत नाही. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून बाहेर टाकतो. हे काम त्यातला गॅस करतो आणि कंप्रेसर त्याला फिरवत ठेवतो. जुन्या फ्रिजमध्ये आर १२ नावाचा गॅस असायचा. माणसाला विषारी नाही, पेट घेत नाही, म्हणून तो चांगला मानला गेला. पण हवेत सुटला की वर जाऊन सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवणारा ओझोनचा थर तो विरळ करतो, हे नंतर लक्षात आलं. १९८७ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात जगातल्या देशांनी करार केला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडे अशा गॅसचं उत्पादन फ्रिजसाठी बंद झालं. त्याच्या जागी आर १३४ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भारी आहे. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर ६००ए असतो. तो हवामानाला जवळजवळ निर्धोक आणि अगदी थोडा लागतो, पण आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेतो. म्हणून तो भरताना खिडक्या-दारं उघडी हवीत, जवळ चूल-शेगडी नको आणि काम जाणत्या मिस्त्रीचंच हवं.

फ्रिजच्या मागे किंवा आत एक पट्टी असते. तिच्यावर इंग्रजी आर अक्षर आणि पुढे आकडा असतो. १२ असेल तर फ्रिज ताईच्या काळातला. त्यात गॅस भरण्यावर पैसे घालू नयेत. १३४ए किंवा ६००ए असेल तर दुरुस्तीचा विचार करायला जागा आहे.

गावाकडच्या मैत्रिणींनी हे खास ध्यानात ठेवावं. शहरात 'जुना द्या, नवा न्या' योजनेत दिलेले फ्रिज अनेकदा रंगरंगोटी होऊन तालुक्याच्या बाजारात येतात. शहरातल्या बाईचा नको झालेला फ्रिज हा गावातल्या बाईचा पहिला फ्रिज होतो. घेण्याआधी ती पट्टी वाचा. पट्टीच काढून टाकलेली असेल तर तो फ्रिज घेऊ नका.

एकदा मात्र खुद्द गावातल्या बायांना विचारून फ्रिज बनला होता. २००८ च्या सुमारास गोदरेजने उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सुमारे ६०० महिलांशी बोलून 'छोटूकूल' तयार केला. वरून उघडणारा, ४३ लिटरचा, वजन आठ किलोच्या आत, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा. त्यात कंप्रेसरच नव्हता, आणि नेहमीच्या फ्रिजमध्ये २०० च्या आसपास सुटे भाग असतात तिथे यात जेमतेम २० होते. भाग कमी, तर बिघाडही कमी. तो पुढे घरोघरी पोचला नाही, पण बायांनी मांडलेल्या गरजा आजही त्याच आहेत : वीज जाते, व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि दुरुस्ती परवडायला हवी.

आता हिशेबाकडे येऊ. २००६ पासून आपल्याकडे विजेच्या उपकरणांवर चांदण्यांचं लेबल आलं. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. चांदण्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून जुन्या पाच चांदण्या आजच्या पाच नव्हेत. चांदण्या मोजण्यापेक्षा युनिटचा आकडा वाचा. आपला जुना फ्रिज किती वीज खातो हे पाहायचं असेल तर सगळे एक दिवस गावाला जाताना फक्त फ्रिज चालू ठेवा आणि मीटरचा आकडा जाताना-येताना लिहून घ्या.

समजा, जुना फ्रिज रोज दीड युनिट खातो आणि नवा अर्धा. रोज एक युनिट वाचलं, वर्षाला ३६५. युनिटला ८ रुपये धरले तर २,९२० रुपये. पंधरा हजारांचा फ्रिज फिटायला पाच वर्षं, गटाचं व्याज धरलं तर आणखी जास्त. पण फरक रोज पाव युनिटचाच असेल तर वर्षाला जेमतेम ७३० रुपये वाचतात. मग निव्वळ विजेसाठी नवा फ्रिज घेण्यात अर्थ नाही.

म्हणून आमच्या गटांत आता कर्ज मंजूर करण्याआधी चार प्रश्न विचारतो.

पहिला, बिघडलं काय? दाराचं रबर, थर्मोस्टॅट, रिले, पंखा यांतलं काही असेल तर दुरुस्ती, विचार नको. कंप्रेसर गेला असेल तर आधी हमीचं कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या नुसत्या कंप्रेसरवर दहा वर्षांची हमी देतात, गॅस आणि मजुरी मात्र वेगळी लावतात.

दुसरा, "गॅस संपला" असं मिस्त्री म्हणाला का? फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला तर ते पैसे हवेत गेले. गळती कुठे होती, ते बिलावर लिहून घ्या.

तिसरा, फ्रिजचं वय किती आणि खर्च किती? दहा वर्षांपुढचा फ्रिज आणि नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च, तर आम्ही नव्याच्या बाजूने कौल देतो.

चौथा, या फ्रिजवर कुणाची कमाई आहे? दही, पेप्सीकोला, इडलीचं पीठ विकणाऱ्या बाईला आठ दिवस फ्रिज बंद ठेवणं परवडत नाही. तिचा निर्णय घरगुती फ्रिजसारखा होत नाही.

नवा घेतलात तर जुन्याचं काय? भंगारवाला तांब्याची नळी तोडतो आणि गॅस हवेत सोडतो. ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज येतो आणि तो परत घेऊन नीट मोडण्याची व्यवस्था करणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे. दुकानदाराला तसं विचारा. सुटा भाग देत नाहीत, हमी नाकारतात, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

फ्रिज भरते बाई, पुसते बाई, आणि बंद पडला की नासलेलं दूधही तीच टाकते. पण दुरुस्ती की नवा, हे ठरवताना पुष्कळ घरांत तिला विचारलंच जात नाही. कर्ज आपल्या नावावर असेल तर ती पट्टी, ते बिल आणि तो हिशेब आपल्या हातात असायला हवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या फ्रिजवरचा गॅस आणि साल लिहून आणा. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा. कुणाचा फ्रिज बंद पडला, तर त्या दिवशी निर्णय घाईत घ्यावा लागणार नाही.