सभा नेमकी केव्हा संपते?

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, पातूरहून मालेगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मेडशी हे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. धर्मप्रांतांच्या रचनेत हा मुलूख १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. अशा गावातील ख्रिस्ती मतदार ग्रामसभेचाही सदस्य असतो आणि धर्मग्रामाच्या सभेलाही बसतो. दोन्ही ठिकाणी सभा सुरू कशी करावी हे सर्वांना ठाऊक असते. ती संपवावी कशी, याविषयी मात्र अनास्था आढळते.

ग्रामसभेपुढे घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी आली आहे असे समजा. गलका वाढतो, कोणी तरी ‘झाली सभा’ म्हणतो आणि निम्मी माणसे उठून घरी जातात. मागे राहिलेल्यांनी यादी मंजूर केली, तर तो ठराव कोणाचा? ज्या विधवेचे नाव वगळले गेले, तिने तक्रार कशाच्या आधारावर करावी? याचे उत्तर सभेच्या समाप्तीच्या नोंदीतच सापडते.

मूळ तत्त्व सोपे आहे. अध्यक्षस्थानावरून घोषणा झाल्याखेरीज सभा संपत नाही. घड्याळात पाच वाजले, चहा आला, आभारप्रदर्शन झाले किंवा समारोपाची प्रार्थना म्हटली गेली, यांपैकी कशानेही सभा विधिवत समाप्त होत नाही. (आपल्याकडे प्रार्थना झाली की सारे उठतात; म्हणून घोषणा प्रार्थनेपूर्वी करणे इष्ट.) घोषणेआधी अध्यक्षांनी विषयपत्रिकेवरील एखादा विषय राहिला आहे काय, असे एकदा विचारावे. काही उरले नसेल तर ‘सभा समाप्त झाली’ एवढे म्हणणे पुरते. वेगळ्या मतदानाची गरज नसते. सचिवाने वेळ नोंदवावी. या वेळेनंतर झालेले बोलणे ही केवळ चर्चा होय, ठराव नव्हे.

काम उरले असेल तर सभा समाप्त न करता तहकूब करावी लागते. तहकूब सभा ही पहिल्याच सभेचा पुढचा भाग असते. म्हणून तिच्यात राहिलेलेच विषय घ्यावयाचे, नवे नव्हे. पुढील दिवस, वेळ व स्थळ तिथल्या तिथे जाहीर करणे उत्तम. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. खरी मेख इथेच आहे. पहिल्या दिवशी शंभर माणसे जमली नाहीत म्हणून निर्धास्त घरी बसलेल्या ग्रामस्थांना दुसऱ्या दिवशी मूठभर माणसांनी केलेला ठराव मान्य करावा लागतो. तहकुबीची सूचना ज्याने ऐकली नाही, त्याचेच बहुधा नुकसान होते.

अडचणीचा विषय निघताच अध्यक्षच उठून गेले तर? १८९४ साली इंग्लंडमधील नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटी विरुद्ध साईक्स या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की काम शिल्लक असताना अध्यक्षाला स्वतःच्या लहरीने सभा मोडता येत नाही. तो गेल्यास उपस्थितांना दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे नेता येते. सभांच्या सर्वसाधारण कायद्यात हे तत्त्व मानले जाते. ग्रामपंचायत, सहकारी संस्था यांना त्यांचे स्वतःचे नियम प्रथम लागू होतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तहकुबीची मागणी सदस्यही करू शकतात. या बाबतीत अमेरिकन लष्करी अभियंता हेन्री रॉबर्ट यांचे नियम जगभर वापरले जातात. १८६३ साली न्यू बेडफर्ड येथील एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांना अचानक अध्यक्षपद देण्यात आले, सभा हाताबाहेर गेली, आणि त्या फजितीतून त्यांचा सभाशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. त्यांचे पुस्तक १८७६ साली निघाले. त्यांच्या पद्धतीत सभा संपवण्याच्या साध्या प्रस्तावाला अनुमोदन लागते, त्यावर चर्चा होत नाही आणि साध्या बहुमताने तो संमत होतो. मात्र कोणी बोलत असताना त्याला अडवून तो मांडता येत नाही.

संसदेत या क्रियांना निरनिराळी नावे आहेत. बैठक तहकूब करणे हा लोकसभाध्यक्षांचा अधिकार आहे. अधिवेशन संस्थगित करणे व लोकसभा विसर्जित करणे हे राष्ट्रपतींकडे. अधिवेशन संस्थगित झाल्याने प्रलंबित विधेयक रद्द होत नाही. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेले विधेयक रद्द होते.

धर्मग्रामाचे पाळकीय मंडळ हे कॅनन ५३६ नुसार सल्लागार मंडळ असून प्रमुख धर्मगुरू त्याचे अध्यक्ष असतात. त्यामुळे समाप्तीची घोषणा त्यांच्याकडून व्हावी. मंडळाचे मत सल्ल्यापुरते असले तरी इतिवृत्त चोख हवे, कारण फादरांची बदली झाल्यावर नव्या फादरांपुढे तेवढीच वही असते.

समाप्तीविना राहिलेल्या सभेचे सर्वांत मोठे उदाहरण ख्रिस्तसभेच्याच इतिहासात आहे. पहिली व्हॅटिकन विश्वपरिषद ८ डिसेंबर १८६९ रोजी सुरू झाली. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि २० ऑक्टोबर रोजी पोप नववे पायस यांनी परिषद बेमुदत तहकूब केली. ती पुन्हा भरली नाही. चर्चसंबंधीचा मोठा मसुदा अपुराच राहिला. पोपच्या अधिकाराचा भाग तेवढा संमत झाला होता, बिशपांच्या अधिकाराचा विषय मागे पडला. पुढची विश्वपरिषद बोलावण्याची तयारी सुरू झाली तेव्हा, १९६० साली, ती तहकूब सभा विधिवत समाप्त करण्यात आली. राहिलेला विषय दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने हाती घेऊन १९६४ साली पूर्ण केला.