कीचकाचा पोशाख : एका खलनायकाची बदलती वेशभूषा

खलनायकांच्या वेशभूषेचा विषय निघाला की बहुतेकांना आधी रावण आठवतो. हा धागा मात्र कीचकावर आहे. त्याच्या भरजरी वस्त्रांआड नेमके कोण दडले आहे, या प्रश्नापायी मुंबई सरकारला कायदा उगारावा लागला होता.

आम्हा खानदेशी मंडळींना भीमाने मारलेले खलपुरुष घरचेच. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला लोळवले, ही कथा जळगाव जिल्ह्यात लहानपणापासून ऐकायला मिळते. याच सातपुड्याच्या डोंगररांगांतून पूर्वेकडे मेळघाटात गेलो की चिखलदरा लागतो. तिथले लोक सांगतात, की भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले तो हा ‘कीचकदरा’. दोन्ही स्थलकथा आहेत, इतिहास नव्हे. पण दोन खलनायकांमधला फरक त्यांच्यामुळे लक्षात येतो. बकासुर राक्षस आहे, कीचक माणूस आहे. वेशभूषा करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा.

राक्षसाचे उत्तर मराठी रंगभूमीकडे पहिल्यापासून तयार होते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत ‘राक्षसपार्टी’ हा हमखास टाळ्यांचा भाग झाला. रंगवलेले तोंड, मोकळे सोडलेले केस, हातात तलवार आणि कानठळ्या बसवणाऱ्या आरोळ्या. या नाटकांना ‘अललडुर्र’ हे चेष्टेचे नाव पडले ते उगाच नव्हे. असा राक्षस रंगमंचावर आला की मागच्या रांगेतल्या पोरालाही कळे, हा वाईट.

कीचकाला हे सोंग चालत नाही. तो विराट राजाचा मेहुणा आणि सेनापती. विराटपर्वाची गंमत पाहा : सज्जन सगळे वेषांतर करून आहेत. द्रौपदी सैरंध्री झाली आहे, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन बृहन्नडा. कीचक तेवढा स्वतःच्याच कपड्यांत वावरतो. त्याची वस्त्रे त्याच्या खऱ्या अधिकाराची आहेत, आणि तोच अधिकार तो एका दासीवर वापरू पाहतो. म्हणजे इथे दुष्टपणा दाखवायचा तो राजवस्त्रांतूनच.

ही अडचण चित्रात सोडवली राजा रवि वर्मा यांनी. बडोद्याच्या गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक चित्रांची मालिका केली, त्या काळात कीचक-सैरंध्री हा विषय त्यांच्या कुंचल्याखाली आला. पौराणिक पात्रांना कोणते कपडे द्यावेत हे शोधण्यासाठी त्यांनी भावाबरोबर उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला होता. स्त्रियांसाठी त्यांना साडी सापडली. पुरुषांसाठी मात्र संस्थानी दरबारांतला थाट आणि नाटकमंडळींचा साज यांचा मिलाफ करावा लागला. त्यांचा कीचक दागिन्यांनी मढलेला सरदार आहे. शिंगे नाहीत, सुळे नाहीत. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुराणातली माणसे कशी दिसतात, हे या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंतींवर ठरवून टाकले.

आता १९०७. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी, ‘कीचकवध’ रंगमंचावर आणतात. महाराष्ट्र नाटक मंडळी त्याचे प्रयोग करते. दोनच वर्षांपूर्वी लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली आहे. (जाता जाता : आमच्या खानदेश जिल्ह्याचेही १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. त्यावर मात्र कोणी नाटक लिहिले नाही.) प्रेक्षागृहात बसलेल्यांना अर्थ लावायला वेळ लागला नाही. द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल आणि कीचक म्हणजे कर्झन.

कर्झनचे नाव नाटकात कुठेही नाही, आणि पात्रांचा वेश पौराणिकच आहे. एखाद्या साध्या प्रहसनात कीचकाच्या डोक्यावर साहेबी टोपी चढवून हशा मिळवता आला असता. खाडिलकरांच्या नाटकाला त्याची गरजच नव्हती, आणि माझ्या मते या वेशयोजनेची खरी ताकद तिथेच आहे. सरकारला बोट ठेवायला जागा नाही, हा एक फायदा. दुसरा अधिक खोल आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात कर्झन सपत्नीक हत्तीवरून मिरवला होता. मुघल बादशाहीचा सारा थाट त्याने स्वतःहून अंगावर घेतला होता. ज्याने खऱ्या आयुष्यात पौराणिक राजाचे सोंग घेतले, त्याला नाटकात आणखी कोणता वेश चढवायचा? शिवाय कीचक राजा नाही, राजाच्या नावाने सत्ता गाजवणारा माणूस आहे. व्हाइसरॉय या पदाचे याहून नेमके भाषांतर सापडणार नाही.

तीन वर्षे हे कवच टिकले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली ‘कीचकवधा’च्या प्रयोगांवर बंदी आली. त्याच वर्षी ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात या नाटकाचा खास समाचार घेतला. हा कीचक कोण, हे सगळ्या नाट्यगृहाला ठाऊक असते, ही त्यांची मुख्य तक्रार. म्हणजे सरकारने बंदी घातली ती प्रेक्षकांच्या डोक्यात चाललेल्या वेषांतरावर. पौराणिक नाटकाचा रसिक म्हणून यापेक्षा मोठी दाद मला सुचत नाही.

दहा वर्षांनी कीचक पडद्यावर आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्यात मुरलेले चित्रकार. कॅमेराही त्यांनी स्वतः बनवलेला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली प्रदर्शित झाला. रंगभूमीवर तोवर पुरुष द्रौपदी करीत; इथे कॅमेऱ्यासमोर स्त्रिया उभ्या राहिल्या. मूकपटात संवाद नसतात, आवाजाचा चढउतार नसतो, आणि रंगही नसतो. मग जरीकाठाचा दरारा कशाने दाखवणार? पेंटरांच्या चित्रपटाला प्रसिद्धी मिळाली ती कीचकाच्या पोशाखाने नव्हे, त्याच्या देहाने. भीम त्याला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरने तो कापायला लावला. कीचकाला सरकारी कात्री लागण्याची ही दुसरी वेळ; पहिल्यांदा आक्षेप अर्थावर होता, या वेळी दृश्यावर. हा चित्रपट पाहून लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला टिळक गेले.

याच कंपनीत तयार झालेल्या व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी पुन्हा ‘सैरंध्री’ केला, तोही रंगीत करण्याच्या ईर्ष्येने. रंगांच्या प्रक्रियेसाठी फिल्म जर्मनीला नेली. परत आलेले रंग भडक आणि अस्पष्ट होते, चित्रपट पडला. काळ्या-पांढऱ्यात जे दागिने भारदस्त वाटत, ते रंगांत उठले नाहीत.

उरले कॉमिक. १९८०च्या दशकात अमर चित्रकथेने महाभारत ४२ अंकांत काढले. त्यातली बहुतेक चित्रे दिलीप कदम यांची. चित्रकथेची गरज नाटकाहून वेगळी असते : तेच पात्र दर चौकटीत, लहान आकारातही, चटकन ओळखू आले पाहिजे. त्यामुळे मुकुट, मिशा, हार, शेल्याचा रंग या गोष्टी एकदा ठरल्या की पानोपानी तशाच फिरतात. रवि वर्म्यांचा दागिन्यांनी मढलेला सरदार इथे चार शाईंत छापला जाऊन पोरांच्या हातात पडला. खाडिलकरांच्या कीचकाने जरीखाली जो माणूस लपवला होता, त्याला घरी जाऊन तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती. आता त्या कपड्यांत कीचकच उरला होता.