गंजीतल्या बुरशीपासून रक्ताच्या तपासणीपर्यंत



मी इतिहासाचा अध्यापक, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा आज औषधपाण्याविषयी बोलू लागलो तर तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ वाट चुकले! पण झाले असे, की गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. आमच्या मामींच्या हृदयातली एक झडप काढून तिच्या जागी धातूची बसविली आहे. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्या तापानेच ती झडप नासली. धातूच्या झडपेवर रक्ताच्या गुठळ्या धरण्याचे भय असते, म्हणून मामींना रोज एक गोळी घ्यावी लागते आणि दर महिन्याला तालुक्याला जाऊन रक्त तपासून यावे लागते. त्या मला म्हणाल्या, "काय रे, गोळी तीच, माणूस तेच, मग दर महिन्याला रक्त कशाला काढतात? एवढा शिकलास, सांग बघू!" लागोपाठ दोन महिने त्या तपासणीला गेल्याच नव्हत्या, हेही मला बोलता बोलता कळले.

त्यांना मी जे सांगितले तेच तुम्हांला सांगतो. ही कथा दवाखान्यात सुरू होत नाही, गोठ्यात सुरू होते.

१९२० च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांना एक विलक्षण रोग जडला. शिंगे कापली, खच्ची केले, एवढ्याशा जखमेतून रक्त वाहू लागे ते थांबतच नसे. जखम नसली तरी आतल्या आत रक्तस्राव होऊन जनावर मरे. ही गुरे स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खात. आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतला हा चारा. वाळला की गोड वास येतो. स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने एक साधा प्रयोग केला. एकाच गंजीतून त्याने चांगल्या काड्या वेगळ्या काढल्या, बुरशी आलेल्या वेगळ्या काढल्या आणि दोन सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा जगला, बुरशीच्या काड्या खाणारा रक्तस्रावाने मेला. दोष चाऱ्याचा नव्हता, चारा ओला राहून बिघडल्याचा होता. बिघडलेला चारा टाकून द्या, हा उपाय सोपा. पण हिवाळ्यात दुसरा चारा नसेल तर शेतकऱ्याने करावे काय? ही अडचण तुम्हांला मी समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिन राज्यातल्या डीअर पार्क गावचा एक शेतकरी हिमवादळातून जवळजवळ तीनशे किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसन शहरी आला. गाडीत मेलेली कालवड, शंभर पौंड बुरशीचा चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठतच नव्हते. शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद. उघडे दार दिसले ते विद्यापीठातल्या जीवरसायन विभागाचे, आणि तेथे भेटले प्राध्यापक कार्ल पॉल लिंक. हा चारा घालू नका, असे सांगण्यापलीकडे लिंक यांच्या हाती त्या दिवशी काही नव्हते. शेतकरी तसाच परत गेला. कॅन मात्र मागे राहिला.

पुढची सहा वर्षे लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या चाऱ्याच्या मागे लागले. १९३९ मध्ये त्यांतल्या कॅम्पबेल यांना काही मिलिग्रॅम स्फटिक मिळाले. चाऱ्याला गोड वास देणाऱ्या द्रव्यापासूनच बुरशीमुळे हे विष बनत होते. त्याचे नाव डायकूमरॉल.

आता इथे मुद्द्याची गोष्ट. कोणत्या अर्कात विष किती, हे कळणार कसे? त्यासाठी ते सशांना चारीत आणि त्यांचे रक्त किती वेळात गोठते ते मोजीत. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये अशा मोजणीची एक रीत प्रसिद्ध केलीच होती. रक्त काढताना सायट्रेटमध्ये घ्यायचे म्हणजे ते नळीत गोठत नाही. वरचा पिवळट द्रव वेगळा काढायचा, त्यात सशाच्या मेंदूचा अर्क आणि कॅल्शियम घालायचे आणि सेकंद मोजायचे. निरोगी माणसाच्या रक्ताला साधारण बारा सेकंद लागतात. म्हणजे औषध आणि त्याचा काटा जवळजवळ बरोबरच हाती आले. काटा नसता तर हे औषध विषच राहिले असते!

विष म्हणूनही ते वापरले गेलेच. याच कुळातले अधिक तिखट द्रव्य, वॉरफरीन, १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. मामींची गोळी वॉरफरीनचेच भावंड.

गोळी तीच असूनही रक्त का बदलते, याचे उत्तर मामींच्या स्वयंपाकघरात आहे. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागते आणि ही गोळी त्याच्याच कामात अडथळा आणते. हे जीवनसत्त्व पालेभाजीत भरपूर. श्रावणात एकदम रोज पालेभाजी सुरू केली की गोळीचा जोर कमी पडतो. तापाने चार दिवस अन्न गेले नाही, किंवा दुसरे एखादे औषध सुरू झाले, की जोर वाढतो. शिवाय गोळीचा गुण दोन-तीन दिवसांनी दिसतो. नुसत्या अंदाजाने कमीजास्त करणारा फसलाच म्हणून समजा.

पण काटा आला म्हणून सगळे सुरळीत झाले नाही. आपल्याकडे पूर्वी पायली गावागणिक वेगळी असे, तुम्हांला ठाऊक आहे. तसेच इथे झाले. मेंदूचा अर्क प्रत्येक प्रयोगशाळेचा निराळा. अमेरिकेतला सशाचा अर्क पुष्कळदा मंद, मँचेस्टरचा मानवी मेंदूचा अर्क अधिक तीक्ष्ण. एकच रक्त दोन ठिकाणी दोन आकडे दाखवी, आणि मंद अर्कावर विसंबणारे डॉक्टर नकळत जास्त औषध देत. रक्तस्राव होई रोग्याला. हा घोळ कितीतरी वर्षे चालला. अखेर १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक अर्काला एका प्रमाण अर्काशी ताडून पाहण्याची रीत घालून दिली. त्यातून जो आकडा निघतो त्याला आय. एन. आर. म्हणतात. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा एक, गोळी घेणाऱ्या बऱ्याच रोग्यांचा दोन ते तीन राखतात. झडपेप्रमाणे डॉक्टर तो थोडा वरही ठेवतात. मामींच्या कागदावर हाच आकडा असतो.

अलीकडे महिन्याच्या तपासणीवाचून चालणाऱ्या गोळ्याही निघाल्या आहेत. मामींनी त्याही विचारल्या! पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. आणि सांध्यांच्या तापाने हृदय बिघडून ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रोग्यांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत जुन्या, रक्त तपासून द्यायच्या गोळीवरचे रोगी नव्या गोळीवरच्यांपेक्षा कमी दगावले.

मामी ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे तो गाईवाला आला नसता तर?" मग उठून त्यांनी कोनाड्यातून तपासणीची वही काढली. शेवटची नोंद आषाढातली होती. सोमवारी पहिल्या एस. टी. ने आम्ही दोघे तालुक्याला गेलो.