हलत्या कॅमेऱ्याचं कूळ

गोव्यात नाव बदलून राहणारा जेसन बोर्न रस्त्यात एक अनोळखी माणूस हेरतो आणि काही मिनिटांतच तो आणि मारी जीपमधून पळत सुटतात. पुलाआधी दोघं जागा बदलतात, स्टिअरिंग मारीच्या हाती येतं. मारेकऱ्याला याचा पत्ता नसतो. तो चालकावर नेम धरतो आणि गोळी मारीला लागते. दुसरा एखादा दिग्दर्शक असता तर तिचा चेहरा जवळून दाखवला असता. इथे कॅमेरा गाडीत अडखळतोय, चित्र हलतंय, आणि बोर्न मारीकडे वळून पाहतो तेव्हाच आपल्यालाही कळतं. मग जीप कठडा तोडून नदीत जाते.

‘द बोर्न सुप्रिमसी’ हा २००४ सालचा चित्रपट, दोन वर्षांपूर्वीच्या ‘द बोर्न आयडेंटिटी’चा पुढचा भाग. पहिला भाग डग लायमन यांचा, दुसरा पॉल ग्रीनग्रास यांचा. छायालेखक ऑलिव्हर वुड दोन्हीकडे तेच, तरी दुसऱ्या भागातला कॅमेरा तिवईवरून उतरून माणसाच्या खांद्यावर आला. पुढे कित्येक वर्षं मारधाडपट याच वळणाने गेले आणि ही शैली ग्रीनग्रासच्या नावावर जमा झाली. तिचं कूळ मात्र फार जुनं आहे, आणि ते हॉलिवुडच्या स्टुडिओत नाही, बातमीत आणि युद्धात सापडतं.

सुरुवातीला कॅमेरा हातात धरणंच अवघड होतं. एका हाताने हँडल फिरवायचं तर पेटी तिवईवर घट्ट हवी. पोलंडच्या काझिमिएश प्रुशिन्स्की यांनी दाबलेल्या हवेवर चालणारा ‘एरोस्कोप’ बनवला तेव्हा हँडल फिरवणारा हात मोकळा झाला, आणि पहिल्या महायुद्धात तो कॅमेरा आघाडीवर गेला. १९२५ मध्ये बेल अँड हॉवेल कंपनीचा ‘आयमो’ आला. चावी दिली की स्प्रिंगवर चालायचा. त्यात शंभर फूट फिल्म मावायची, म्हणजे जेमतेम मिनिटभराचं चित्रण. तेवढ्यात काय टिपायचं ते पळता पळता ठरवावं लागे. १९३७ मध्ये जर्मनीत ‘आरिफ्लेक्स’ आला. त्यातल्या फिरत्या आरशामुळे लेन्सला जे दिसतं तेच कॅमेरामनला चित्रीकरण चालू असताना दिसू लागलं. त्याआधी अंदाजाने चालवावं लागायचं, आता हलत्या माणसावर फोकस धरता येऊ लागला.

थरथरीला अर्थ मिळाला तो युद्धात. १९४२ मध्ये जॉन फोर्ड मिडवे बेटावर जपानी विमानांचा हल्ला चित्रित करत होते. जवळच्या स्फोटाने कॅमेऱ्याला हिसका बसतो आणि चित्र चौकटीतून उडतं. ‘द बॅटल ऑफ मिडवे’ या माहितीपटात फोर्डनी तो भाग ठेवला. स्टुडिओत असा तुकडा कचऱ्यात गेला असता. इथे त्याने साक्ष दिली, की कॅमेरा धरणारा माणूस खरोखर तिथे होता आणि पुढच्या क्षणी काय होणार हे त्याला माहीत नव्हतं. या शैलीचा मूळपुरुष शोधायचा तर मी या हिसक्याकडे बोट दाखवीन.

पुढचा अडसर आवाजाचा होता. बोलपट आल्यापासून कॅमेऱ्याची घरघर लपवायला त्याला जाड आवरणात कोंडावं लागे, आणि मग तो खांद्यावर घेणं अशक्य. स्टेफान कुडेल्स्की यांचा ‘नाग्रा’ हा खांद्याला अडकवता येणारा ध्वनिमुद्रक आणि त्याच्याशी ताल जुळवून चालणारे हलके कॅमेरे आले तेव्हा कोंडी फुटली. १९६० मध्ये रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने विस्कॉन्सिन राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीवर ‘प्रायमरी’ बनवला. मिलवॉकीतल्या गच्च भरलेल्या सभागृहात जॉन केनेडी शिरतात आणि अल्बर्ट मेझल्स कॅमेरा डोक्यावर उंच धरून त्यांच्या मागे चालत राहतात. हस्तांदोलनं, वळणारी डोकी, दाटी, मग मंच. शॉट तुटत नाही. लेन्स रुंद कोनाची होती, म्हणूनच हे साधलं. रुंद कोनात हाताचा कंप विरून जातो, तर लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये श्वाससुद्धा भूकंपासारखा दिसतो. पुढे फ्रान्सच्या झाँ-पिएर बोव्हियाला यांनी तर कॅमेरा खांद्यावर मांजरासारखा बसला पाहिजे असं ठरवून ‘आतों’ कंपनीचे कॅमेरे घडवले.

साक्षीची ही भाषा कथेत आणायला फार वेळ लागला नाही. पीटर वॉटकिन्स यांनी १९६४ मध्ये बीबीसीसाठी ‘कलोडन’ केला, तो १७४६ च्या लढाईच्या मैदानात टीव्हीचा चमू पोचला आहे असं धरून. १९६६ मध्ये जिल्लो पोन्तेकोर्व्हो यांचा ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ आला. तो इतका खरा वाटला, की अमेरिकेत दाखवताना आरंभी पाटी लावावी लागली, यात वृत्तपटाचा एक फूटही वापरलेला नाही. अनुभवाचा खरेपणा आता रचता येऊ लागला होता. आपल्याकडे ‘ब्लॅक फ्रायडे’त पोलीस संशयिताच्या मागे मुंबईच्या झोपडपट्टीतून धावून धावून दमतात, ते चित्रण याच नात्यातलं.

ग्रीनग्रास या वंशात रीतसर वाढले. ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात त्यांचं शिक्षण झालं. २००२ च्या ‘ब्लडी संडे’त त्यांनी ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर केलेला गोळीबार उभा केला. त्या दिवशी तेरा जण मारले गेले होते. कॅमेरा जमावातच असतो, उशिरा वळतो, कुणाच्या तरी पाठीआड अडकतो. हा चित्रपट पाहून ‘बोर्न’च्या निर्मात्यांनी त्यांना बोलावलं.

इथे कुळाला नवं वळण मिळालं. बोर्न स्मृती हरवलेला माणूस आहे. आपण कोण, काय केलंय, हे त्याला ठाऊक नाही. ज्याला स्वतःचाच ठाव नाही त्याच्यामागे सर्वज्ञ कॅमेरा शोभला नसता. बातमीदाराचा, पुढचं काहीच माहीत नसलेला कॅमेरा त्याला अचूक बसला. यासाठी मेहनतही अफाट घेतली. मॉस्कोतल्या पाठलागासाठी गाडीचा सांगाडा जमिनीलगतच्या एका खास वाहनावर चढवला. खरा चालक वेगळ्या जागी बसून गाडी चालवत होता, त्यामुळे बोर्न साकारणारा मॅट डेमन खऱ्या रस्त्यावर, खऱ्या वेगात आहे आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याला भिडलाय, हे शक्य झालं. संकलक ख्रिस्तोफर राउस आणि रिचर्ड पिअरसन यांनी शॉट सरासरी जेमतेम दोन सेकंदांचे ठेवले.

पुढचा भाग ‘द बोर्न अल्टिमेटम’ २००७ मध्ये आला आणि त्याला संकलनासह तीन ऑस्कर मिळाले. २००८ चा बाँडपट ‘क्वांटम ऑफ सोलेस’ही त्याच वाटेने गेला, पिअरसन त्याच्याही संकलकांत होते. मग मात्र सगळेच कॅमेरे हलू लागले. प्रेक्षकांना घेरी आली, कोण कोणाला मारतोय ते कळेना, आणि डेव्हिड बॉर्डवेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शैलीवर कडक टीका केली. नकलांच्या बाबतीत ही टीका मला पूर्ण मान्य आहे. बहुतेकांनी थरथर उचलली आणि तिच्यामागचा माणूस सोडून दिला. कच्ची मारामारी झाकायला चौकट हलवणं ही साक्ष नाही.

आता तर कंप काढून टाकणारी यंत्रणा खिशातल्या फोनमध्ये आली आहे. यापुढे पडद्यावर कॅमेरा हलला तर तो कुणीतरी मुद्दाम हलवला म्हणून हलेल. तसं करणाऱ्या दिग्दर्शकाला दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: हा कॅमेरा कोणाच्या खांद्यावर आहे, आणि त्या माणसाला पुढचं काय माहीत नाही. फोर्ड, मेझल्स आणि ग्रीनग्रास यांच्या चौकटीत ही उत्तरं दिसतात, म्हणून त्यांची थरथर आजही विश्वासाची वाटते.